कुंडीची कुंडली

माणूस जमिनीपासून जितके मजले वर चढतो, तितकी त्याला मातीची आठवण जास्त येते. तळमजल्यावर राहणाऱ्याला दारातला चाफा दिसत नाही. दिसतो तो त्याचा पडलेला पाला, आणि तो झाडायचा कुणी यावरून चाललेलं भांडण. तोच माणूस सातव्या मजल्यावर राहायला गेला की महिन्याभरात, एखाद्या रविवारी सकाळी, दोन कुंड्या, मातीची एक पिशवी आणि मोगऱ्याचं एक रोप मांडीवर घेऊन रिक्षातून उतरतो. चेहऱ्यावर भाव असा की, जणू गावी दोन एकर बागायत घेऊन ठेवली आहे.

यानंतर त्याला चार प्रश्न पडतात. कुंडी कसली? माती कुठली? पाणी किती? आणि ऊन किती? या चार प्रश्नांवर सल्ला न देणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. खोकल्यावरचं औषध आणि कुंडीतली माती या दोन विषयांत आपल्याकडे जन्मतःच पदवी मिळते. लिफ्टमध्ये चार मजले चढेपर्यंत चार जणांकडून चार सल्ले मिळतात आणि ते चारही एकमेकांच्या विरुद्ध असतात.

मी पडलो कॉमर्सचा माणूस. झाडाचं मला कळतं ते जमाखर्चापुरतं. तेव्हा सल्ल्यांच्या या गर्दीत मी एक वेगळीच वाट धरली. ज्या विषयात आपल्याला गती नाही, त्याचा निदान इतिहास तरी वाचावा, असं ठरवून मी लायब्ररीत जाऊन बसलो. तिथे लक्षात आलं की, हे चार प्रश्न काही आपल्या सोसायटीत जन्मलेले नाहीत. माणूस ते साडेतीन हजार वर्षं विचारतो आहे. आणि त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर निराळ्या देशात, निराळ्या शतकात आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसाला सापडलेलं आहे. माळी बिचारा त्यात क्वचितच आहे. राणी आहे, बादशहा आहे, पाद्री आहे, डॉक्टर आहे, आणि शेवटी शेवटी एक बिल्डरसुद्धा आहे.

कुंडीची नक्की जन्मतिथी सांगता येत नाही. पण तिच्या बदलीची एक फार जुनी ऑर्डर दगडावर कोरलेली आहे. इजिप्तमध्ये इ. स. पूर्व पंधराव्या शतकात हात्शेपसुत नावाच्या राणीने राज्य केलं. बाईमाणसाने गादीवर बसायचा तिथे रिवाज नव्हता, म्हणून पुष्कळ शिल्पांत ती खोटी दाढी लावलेली दिसते. या राणीने तांबड्या समुद्राच्या वाटेने दक्षिणेला, पुंत नावाच्या देशाकडे जहाजं पाठवली. धुपाचा सुगंधी डिंक तिकडून यायचा. राणीने विचार केला, दरवर्षी डिंक विकत आणण्यापेक्षा झाडंच आणली तर? तेव्हा जहाजांतून ३१ जिवंत झाडं आली. दैर अल्-बहरीच्या तिच्या देवळाच्या भिंतीवर ते दृश्य आजही पाहायला मिळतं: मुळं मातीसकट टोपलीत बसवलेली, टोपली काठीला टांगलेली, आणि काठी खांद्यावर घेऊन माणसं जहाजाची फळी चढताहेत. आपल्याकडे सामान हलवताना फ्रिज जसा चढवतात, अगदी तसं.

यावरून माझं मत झालं की, कुंडीचा शोध हौसेतून लागलेला नाही. बदलीतून लागलेला आहे. आमच्या धंद्यात ही गोष्ट चटकन समजते. बँकेत पुष्कळ कारकून प्रमोशन नाकारतात, कारण प्रमोशनच्या पाठोपाठ बदली येते. कारकुनाची मुळं जमिनीत गेलेली असतात. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईचे डॉक्टर, ठरलेली लोकल आणि त्या लोकलमधली ठरलेली खिडकी. अधिकारी मात्र कुंडीत वाढतो. ऑर्डर आली की कुंडी उचलायची आणि झुमरीतलैयाला नेऊन ठेवायची. झाड जगतं, नाही असं नाही. पण पहिला महिनाभर त्याची पानं पिवळी पडतात.

राणीनंतर गाठ पडते ती अथेन्सच्या बायकांशी. तिथे ॲडोनिस नावाच्या एका देखण्या तरुणाचं व्रत असे. प्रेमदेवतेचा हा लाडका, रानडुकराच्या हल्ल्यात ऐन तारुण्यात मेला. त्याच्या आठवणीसाठी भर उन्हाळ्यात बायका फुटक्या मडक्यांत माती घालून लेट्यूस आणि बडीशेप पेरत आणि ती मडकी शिडीवरून थेट छपरावर नेऊन ठेवत. चार दिवसांत हिरवेगार कोंब वर येत आणि पुढच्या चार दिवसांत उन्हाने माना टाकत. मग बायका रडून-भेकून ती मडकी पाण्यात सोडून देत. नवशिक्यांच्या कुंडीबागेची ही इतिहासातली फार जुनी नोंद, आणि तिच्यात झाड मरणं हाच कार्यक्रमाचा भाग होता! प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसने यावर शेरा मारलेला आहे. शहाणा शेतकरी आपलं चांगलं बी या आठ दिवसांच्या बागेत कशाला टाकील, असा त्याचा सवाल. सॉक्रेटिसला लोकांनी पुढे विष का दिलं असावं, याचा थोडाफार अंदाज इथे येतो. हौसेने कुंडी लावलेल्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती काळ्या मातीत धान्य पेरतात, तेही नऊ दिवसांचंच पीक. पण आपण त्याला उन्हात तडफडू देत नाही. देवघराच्या सावलीत ते पिवळसर, लांबसडक वाढतं आणि दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोवून आपण मोकळे होतो. दोन्हीकडचा धडा मात्र एकच. उगवण्यासाठी लागणारी सगळी शिदोरी बीच आपल्याबरोबर घेऊन येतं. पहिल्या आठवड्यात मेथी भराभरा वर आली, म्हणून आपल्या हाताला गुण आहे असं समजून शेजाऱ्यांना उपदेश करायला निघू नये. तो गुण मेथीच्या दाण्याचा असतो. आपली परीक्षा दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. उथळ भांडं, मूठभर माती आणि गच्चीवरचं ऊन असं एकत्र आलं, तर तिथे ॲडोनिसच काय, निवडुंगसुद्धा विचारात पडेल.

यानंतर प्रवेश होतो भोकाचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गडप झालं. विसाव्या शतकात विल्हेल्मिना याशेम्स्की नावाच्या विदुषीने तिथल्या बागा अगदी मुळांच्या पोकळ्यांपर्यंत शोधून काढल्या. त्या बागांमध्ये मातीची मडकी सापडली, आणि मडक्यांना तळाशी एक आणि बाजूंनी आणखी भोकं होती. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला जे ठाऊक होतं, ते आज बाजारातल्या निम्म्या रंगीत प्लॅस्टिकच्या कुंड्यांना ठाऊक नाही. त्यांच्या तळाला नुसत्या भोकाच्या खुणा असतात. भोक तुम्ही पाडायचं. प्लिनी हा रोमन लेखक तर सांगतो की, इराणकडच्या महाळुंगाचं झाड दूर न्यायचं तर मुळांना श्वास घेता येईल अशी भोकं ठेवलेल्या मडक्यातून नेत. मुळं श्वास घेतात ही गोष्ट इथे स्वच्छ सांगितली आहे. झाड पाण्याने मेलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते बहुधा गुदमरून मेलेलं असतं.

आमच्या धंद्यात बुडाला भोक असणं ही फार गंभीर बाब असते. तिच्यावर चौकशी बसते, माणूस सस्पेंड होतो. कुंडीच्या बाबतीत मात्र भोक हीच अब्रू. यातून एक पिढीजात समजूत तयार झाली: तळाशी चांगला चार बोटं खडीचा थर द्यावा, म्हणजे पाण्याचा निचरा होतो. सगळे काका हे सांगतात. विसाव्या शतकात मातीतल्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी काचेच्या पेट्यांत थर लावून पाहिलं, तेव्हा उलटंच दिसलं. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरतच नाही. वरची माती पुरती चिंब झाल्याशिवाय ते खाली पाय टाकत नाही. म्हणजे खडीने निचरा वाढत नाही. चिखलाची पातळी तेवढी चार बोटं वर सरकते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. बस्स. हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं खडी घातली." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

रोमन लोकांनी उन्हाचा प्रश्नही सोडवून टाकला होता. टायबेरियस बादशहाला रोज ताटात काकडी लागे, बारा महिने. तेव्हा त्याच्या माळ्यांनी काकडीचे वाफे चाकांवर बसवले. ऊन सरकेल तसा वाफा ढकलायचा आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली नेऊन ठेवायचा. ही हकीकतही प्लिनीचीच. आमच्या बिल्डिंगमध्ये पूर्वेच्या बाल्कनीला सकाळी दोन तास ऊन, पश्चिमेला दुपारी तीन तास. जावई आणि सासरे समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि मिरचीची कुंडी रोज दुपारी सासऱ्यांकडून जावयाकडे जाते. मिरचीला पाच-सहा तास ऊन लागतं, त्याला इलाज नाही. बादशहाकडे गुलाम होते. इथे जावई आहे.

जपानमध्ये कुंडीतल्या झाडाची एक गोष्ट नाटकातून सांगतात. एक सामुराई फार वाईट दिवसांत सापडलेला असतो. बर्फ पडत असताना एक भिक्षू आसऱ्याला येतो. घरात जळण नाही. उरलेली एकच इस्टेट म्हणजे कुंड्यांत जिवापाड वाढवलेली तीन बुटकी झाडं: एक प्लमचं, एक चेरीचं आणि एक पाइनचं. सामुराई ती तोडून पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. भिक्षू निघतो खुद्द माजी राज्यप्रमुख होजो तोकियोरी. पुढे तो सामुराईला तीन जहागिऱ्या देतो आणि प्रत्येकीच्या नावात त्या तीन झाडांपैकी एकेकाचं नाव असतं. तीन कुंड्यांच्या तारणावर तीन जहागिऱ्या! आमच्याकडे असं प्रपोजल आलं असतं, तर आधी कुंड्यांचं व्हॅल्युएशन मागवलं असतं आणि तोवर भिक्षू गारठला असता.

फ्रान्समध्ये कुंडीने एका अर्थमंत्र्याचा घात पाहिला. निकोला फुके हा चौदाव्या लुईचा खजिन्याचा मुख्य अधिकारी. त्याने आपला वाडा आणि बाग अशी काही सजवली, आणि १६६१ च्या ऑगस्टमध्ये राजाला तिथे अशी काही मेजवानी दिली की, राजाला एकच प्रश्न पडला: याच्या पगारात हे बसतं कसं? तीन आठवड्यांत फुके अटकेत होता. राजाने त्याचा बागकामगार ले नोत्र आपल्याकडे घेतला आणि त्याच्या बागेतली संत्र्याची झाडंही उचलून नेली. जंगम मालमत्ता ती हीच! जमिनीतलं झाड जप्त करून नेता येत नाही, कुंडीतलं येतं. पुढे १६८४ ते १६८६ या काळात व्हर्सायला त्या झाडांच्या हिवाळी मुक्कामासाठी जाडजूड भिंतींचा दगडी महालच बांधला गेला. आजही तिथे हजारावर झाडं थंडीत आत आणि मे महिन्यात बाहेर, अशी ये-जा करतात. त्यांची चौकोनी लाकडी पेटी मात्र खरी बघण्यासारखी. तिच्या बाजू उघडता येतात. झाड न उपटता जुनी माती काढायची, वाढलेली मुळं छाटायची आणि नवी माती भरायची. राजाचा थाट सोडून द्या. पण कुंडीतली माती दर एक-दोन वर्षांनी बदलावी लागते, एवढा मुद्दा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता मी माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. यान बाप्टिस्टा फान हेलमोंट हा ब्रुसेल्सकडचा वैद्य. त्याने कुंडीचं चक्क खातं उघडलं. एका मोठ्या भांड्यात भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती तोलून भरली. आपल्या आजोबांच्या भाषेत २०० रत्तल. तीत ५ पौंड वजनाचं वाळुंजाचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून भोकं असलेलं पत्र्याचं झाकण बसवलं आणि पाच वर्षं त्याला पाण्याशिवाय काही म्हणून दिलं नाही. पाच वर्षांनी झाड काढून तोललं: १६९ पौंड ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली: २०० पौंडांत साधारण २ औंस कमी. हा सगळा ताळेबंद त्याच्या मरणानंतर, १६४८ मध्ये, मुलाने छापला.

आता कोणताही कारकून सांगेल की १६४ पौंडांची जमा आहे आणि मातीच्या खात्यावर नावे पडले आहेत फक्त दोन औंस. मग उरलेली रक्कम आली कुठून? हेलमोंट म्हणाला, पाण्यातून. खातं उघडलं बरोबर, आकडे बरोबर, फक्त एक पार्टी नोंदवायची राहिली. ती म्हणजे हवा. झाड आपलं बरंचसं वजन हवेतल्या कार्बन डायॉक्साइडपासून मिळवतं, ही गोष्ट पक्की व्हायला पुढे दीडशेवर वर्षं जावी लागली. आणि ते दोन औंस? हेलमोंटने ते किरकोळ फरक म्हणून सोडून दिले. आमचा हेड कॅशियर दोन पैशांच्या फरकासाठी साऱ्या ब्रँचला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवायचा. तो हेलमोंटच्या शेजारी असता, तर वनस्पतिशास्त्र पुष्कळ आधी पुढे गेलं असतं. कारण झाडाला लागणारं पालाश, स्फुरद, चुना वगैरे सगळं त्या दोन औंसांत होतं. कुंडीला खत द्यावं लागतं ते त्यासाठीच. जमिनीतलं झाड दूरवर मुळं पाठवून हे दोन औंस मिळवतं. कुंडीतल्या झाडाला भिंत आडवी येते. त्याला ते आणून द्यावे लागतात.

पाण्याचा हिशेब लावला तो स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्रीने. साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल त्याने कुंडीसकट रोज सकाळ-संध्याकाळ तोललं. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पत्रा, म्हणजे पाणी उडून जाईल ते झाडातूनच. दिवसाच्या बारा तासांत सरासरी सव्वा पौंड पाणी उडालं. १७२७ च्या त्याच्या पुस्तकात हे आकडे आहेत. पाणी किती घालावं याचं उत्तर असं कुंडी उचलून मिळतं. हलकी लागली तर घालावं, जड लागली तर घालू नये. उचलवत नसेल तर मातीत बोट खुपसावं. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. 'रोज एक तांब्या' हा नियम देवाच्या अभिषेकासाठी ठीक आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये कोळशाचा धूर इतका की, डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या अंगणातली नेचे जगत ना. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून काचेच्या बाटलीत बंद केला. पतंगाची वाट पाहताना मातीतून नेच्याचं एक आणि गवताचं एक रोप उगवलेलं दिसलं. बंद काचेत पाणी वर जाऊन पुन्हा खाली येत होतं आणि धूर बाहेर अडत होता. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला धाडल्या. झाडं जिवंत पोचली आणि ऑस्ट्रेलियाची झाडं तशाच पेट्यांतून जिवंत परत आली. त्याआधी इतक्या लांबच्या प्रवासात बहुतेक झाडं खाऱ्या वाऱ्याने मरत. मग काय! रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतर चिनी वेष करून चीनमधून चहाची हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याला आणली, ती असल्याच पेट्यांतून. ब्राझीलचं रबर १८७६ मध्ये लंडनमार्गे सिलोनला पोचलं, तेही असंच. एका डॉक्टरला नेच्याची हौस, आणि तिच्यामुळे साम्राज्याची कोठारं भरली. कुठल्या कुठे मजूर मळ्यांवर गेले. माणसांच्याही कुंड्या उचलल्या गेल्या. सकाळच्या चहाच्या कपात हा इतिहास असतो. आपण त्यात फक्त साखर कमी आहे की जास्त, तेवढं बघतो.

त्या इंग्रजांनी कुंडीची मापंही अशी ठेवली की, वाचून माझ्यातला कारकून सुखावला. मातीच्या ठरावीक गोळ्यातून जितक्या कुंड्या निघतील, तो कुंडीचा नंबर. साठ निघाल्या की 'साठ' नंबर. ती तीन इंची. 'अठ्ठेचाळीस' त्याहून मोठी, 'बत्तीस' आणखी मोठी आणि 'एक' नंबर म्हणजे रांजण. आकडा मोठा तितकी वस्तू लहान! महागाईभत्त्याचं गणित ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

मातीची भानगड मात्र फार दिवस मिटली नव्हती. प्रत्येक माळ्याचं प्रत्येक झाडासाठी निराळं गुपित मिश्रण. आपल्याकडे गोड्या मसाल्याचं असतं तसं. सून आली तरी प्रमाण सांगायचं नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनिस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूएल या दोघांनी प्रयोग करकरून सगळी गुपितं रद्द केली आणि सगळ्यांसाठी एकच मिश्रण ठरवलं: सात भाग माती, तीन भाग दलदलीतला कुजका पाला, दोन भाग जाड वाळू. माती आधी वाफवून घ्यायची, म्हणजे रोगजंतू मरतात. ज्याच्या नावाने हे मिश्रण जगभर गेलं, तो जॉन इनिस काही माळी नव्हता. तो जमिनीचे प्लॉट पाडणारा व्यापारी. १९०४ मध्ये वारला आणि इस्टेट बागकामासाठी ठेवून गेला. बिल्डरच्या नावाने चांगली माती मिळावी, हे मला या इतिहासातलं मोठं आश्चर्य वाटतं. आपल्याकडे ती दलदल नाही; त्या जागी नारळाच्या सोडणांचा भुसा चालतो. कोकणात जो चुलीत जायचा, तोच आता विटा करून, वर इंग्रजी नाव छापून आपल्याला विकत मिळतो.

आणि आपण? आपली कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन. चांगलं दगडाविटांचं, अंगणात मध्यभागी. माणूस शहरात आला तेव्हा अंगण मागे राहिलं आणि वृंदावनाचा झाला डालड्याचा डबा. गिरगाव-परळच्या चाळींच्या कठड्यांवर अशा डब्यांच्या ओळीच्या ओळी असत. तळाला खिळ्याने भोकं पाडलेली, पिवळा रंग उडालेला, कडेला गंज चढलेला, आणि वर तुळस. नाहीतर गवती चहा, नाहीतर ओवा. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी पिढ्यानपिढ्या कुंड्या घडवल्या. त्याही अशाच एका अंगण सोडून आलेल्या माणसांनी दुसऱ्यांसाठी केलेल्या.

आमच्या आईचा डबा अजून आहे. लग्न होऊन ती रत्नागिरीकडून चाळीत आली, तेव्हा माहेरच्या वृंदावनातली मूठभर माती आणि मंजिऱ्या पदराला बांधून घेऊन आली. चाळ गेली, आम्ही डोंबिवलीला आलो. सामानाचा टेम्पो भरताना आई डबा मांडीवर घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. तुळस काही तीच नाही. तीन-चार वर्षांत जुनी जाते आणि मंजिरीतून नवी येते. डबाही तीन वेळा बदलला. दरवेळी नवी माती भरताना आई जुन्या मातीतली एक मूठ तीत टाकते. मी एकदा हिशेब मांडून दाखवला. म्हटलं, "आई, इतक्या वेळा मिसळल्यावर माहेरची माती चिमूटभरसुद्धा उरली नसेल." ती म्हणाली, "अरे, न उरेना. पण विरजण कधी वाटीभर लावतात का?"

माहेरचं घर पुढे विकलं गेलं. वाटणीत आईच्या नावावर काही आलं नाही. तिने मागितलंही नाही. वृंदावन नव्या मालकाने गाडीला जागा करायला काढून टाकलं. तेव्हा त्या अंगणाचं जे काही शिल्लक आहे, ते डोंबिवलीच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे. हेलमोंटचे दोन औंस मला आठवतात ते अशा वेळी.

आता तर कुंडीने गच्च्या काबीज केल्या आहेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभारून सांगितलं की, पालापाचोळा हा कचरा नसून भांडवल आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून तिथल्याच भाजीच्या देठा-सालींवर बाग फुलवली. गच्चीवर वजनाचा तेवढा विचार करावा. एक फुटी कुंडी भिजली की पंचवीस किलोच्या घरात जाते. पण पाचोळ्याच्या खतावर वाढवली की ओझं पुष्कळ हलकं होतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं मनही.

एवढं वाचून कुणाला सुरसुरी आलीच, तर एकच कुंडी घ्यावी, दहा नव्हे. एक फुटी, बुडाला भोक असलेली, मातीची असली तर उत्तम, कारण तिच्या अंगातूनही हवा खेळते. ऊन कमी असेल तर पुदिना, असेल तर मिरची, आणि जमीन लाभणार नाही हे मान्य असलेला कढीलिंब. पहिल्या वर्षी जुडीचा हिशेब मांडू नये. मी एका शेजाऱ्याचा मांडून दिला होता: कुंडी, माती, खत, झारी धरून मेथीची जुडी चारशे दहा रुपयांना पडली. बाजारात तेव्हा ती वीसला होती. नफातोटा पत्रकावर अशी बाग एक दिवस टिकणार नाही.

पण मजल्यावर एकाचा कढीलिंब वाढला की फोडणीच्या वेळेला बाकीच्या तिन्ही दारांतून कुणी ना कुणी येतंच. चार पानं मागतं, दोन शब्द बोलतं, आणि वर्षभर ज्यांच्याशी पार्किंगवरून अबोला होता, तेही ओशाळं हसून हात पुढे करतात. त्या चार पानांचं व्हाउचर कुठल्या खात्यात टाकायचं, ते मात्र आम्हाला बी. कॉम.ला शिकवलेलं नाही.